पायरीवरचे आठ दिवस

चैत्र लागला की संध्याकाळी सूनबाई गच्चीवरच्या वांग्याच्या कुंड्यांना पाणी घालते आणि मी माझी खुर्ची उचलून खाली येतो. तिला वाटतं, बाबांना डास चावतात. विचारलं तर मीही डासच सांगतो. या वयात माणसानं डासांच्या नावावर बरंच काही खपवावं, कोणी उलटतपासणी घेत नाही. खरं कारण वास आहे. दिवसभर तापलेल्या मातीवर पाणी पडलं की जो वास सुटतो, तो मला सोसत नाही. पावसाच्या वासाबद्दल नाही बोलत मी. पाऊस काय, सगळ्यांचाच असतो. वाफ्यातल्या पाण्याचा वास निराळा. ते पाणी कोणाच्या तरी पाळीचं असतं, कोणीतरी पहाटे उठून विहिरीतून ओढलेलं असतं. तो वास नाकात गेला की मी एकदम बावीस वर्षांचा होतो, आणि बावीस वर्षांचा मी काही मला आवडणारा माणूस नाही.

वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता आणि आमची राजधानी नागपूर होती. अनसिंगपासून दोन कोसांवर एका गावात तालुक्याच्या जनपद सभेची चौथीपर्यंतची शाळा होती. खोली एक, फळा एक, मास्तर एक. तो मास्तर मी. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं अजून माणसं राहतात आणि त्यातल्या कोणाची मुलंबाळं हे वाचायची.

फाल्गुन संपता संपता तिकडं सगळं उघडं पडायचं. ज्वारी घरात आलेली, तूर झोडपून झालेली, कपाशीची पऱ्हाटी उपटलेली. नजर जाईल तिथवर काळी भेगाळलेली वावरं, आणि मधेमधे पळस. कडुनिंबाचा मोहोर सकाळी गोड वास द्यायचा आणि दहा वाजले की तोही दमायचा. हिरवा म्हणून एकच पट्टा होता, नाल्याच्या काठचा. तिथं माळ्यांचे मळे होते. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, कांद्याची पात. पहाटे मोट सुरू झाली की चाकाची कुरकूर गावभर ऐकू यायची आणि माणसं त्या आवाजावर उठायची. आमची शाळा गावाच्या त्याच टोकाला होती, त्यामुळे शाळेच्या मागच्या अंगाला उभं राहिलं की एका बाजूला ओसाड आणि एका बाजूला हिरवं असं दोन्ही दिसायचं.

मी पाटलांच्या घरी बाहेरच्या खोलीत राहायचो. भाडं नाही, जेवण त्यांच्याकडंच. पाटलीणबाईंना मी काकू म्हणायचो. बाई माझ्या ताटात भाकर टाकताना कधी विचारायच्या नाहीत की आणखी हवी का, सरळ टाकायच्या. पाटील गावचे मोठे, शाळा समितीचे अध्यक्षही तेच. मी नोकरीत कायम व्हायचा होतो आणि माझ्या कामाच्या अहवालावर सही त्यांची लागणार होती. मूर्तिजापूरला मामाच्या घरी माझी आई आणि दोन बहिणी एका कोपऱ्यात दिवस काढत होत्या. मी कायम झालो की त्यांना घेऊन येणार होतो. आई पत्रात दरवेळी शेवटी एकच ओळ लिहून घ्यायची, की तिथल्या लोकांशी गोडीनं राहा. मी गोडीनं राहत होतो. गोडीनं राहण्यात माणूस किती आवळला जातो हे मला तेव्हा कळायचं होतं.

चौथीला नागरिकशास्त्र होतं. पहिली निवडणूक होऊन फार दिवस झाले नव्हते, लोकांना अजून बोटावरच्या शाईची गंमत वाटायची, आणि मी मास्तर घडवणाऱ्या नॉर्मल स्कूलमधून ताजा बाहेर पडलेला. मला वाटायचं, देश माझ्याच फळ्यावरून उभा राहणार आहे. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. एक कायदे करतं, दुसरं अंमल करतं, तिसरं न्याय देतं. पोरांनी पाठ केलं. मग मी विचारलं, ही तिघं कुठं असतात? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, नागपूरले. तिघंही एकाच घरात राहतात का, तर हो म्हणाले. त्यातला मोठा भाऊ कोणता, हे मात्र त्यांना ठरवता येईना. मी कपाळावर हात मारून घेतला.

युक्ती सुचली ती शाळेच्या बागेमुळं. शाळेमागं बारा वाफे होते, चौथीच्या बारा पोरांचे बारा. पाणी शेजारच्या मळ्यातून यायचं. मळा होता चौथीतल्या कौसल्येच्या बापाचा, किसनराव माळ्याचा. त्याची मोट चालायची त्यातल्या शेवटच्या काही मोटा तो शाळेच्या पाटात सोडायचा, त्याबद्दल काही घेत नव्हता. मी म्हटलं, चला, या बागेचं राज्य करू. बाराही जणांनी मिळून नियम करायचे, ते कायदेमंडळ. नियम पाळले जातात की नाही ते तिघांनी बघायचं, ते कार्यकारी मंडळ. आणि तक्रार आली तर एकानं न्याय द्यायचा. न्यायाधीश दर सोमवारी बदलायचा, हजेरीपटाच्या क्रमानं. न्यायाधीशाला बसायला दुकानातून चहाचं रिकामं खोकं आणलं.

काय रंगलं होतं ते! पोरांनी पहिलाच कायदा केला की गुरुजींनी न्यायाधीशाला विचारल्याशिवाय छडी उचलायची नाही. बारा विरुद्ध शून्य. मी छडी आढ्याला खोचून ठेवली आणि खरंच पुन्हा काढली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या पोरांना मी दाखवून दिलं होतं की नियम गुरुजींनाही लागू आहे. एकदा बकरी वाफ्यात शिरली म्हणून बकरीला दोरीनं बांधून न्यायालयात आणलं होतं. बकरीला कायदा ऐकू येत नाही, असं तिच्या मालकाच्या पोरानं सांगितलं आणि ती सुटली. मग पोट्ट्यांना तक्रारी करायचा नादच लागला. यानं मला जीभ दाखवली, त्यानं माझ्या सावलीवर पाय दिला. तेव्हा कौसल्या उभी राहिली आणि तिनं नवा नियम मांडला. खोटी तक्रार जो करीन त्याले तेच शिक्षा, जे दुसऱ्याले झाली असती. सगळ्यांनी हात वर केले. मी त्या दिवशी घरी जाऊन काकूंना सांगितलं की माळ्याच्या पोरीचं डोकं वकिलाचं आहे.

चौथीत मुली दोनच. त्यातली ही एक. काळीसावळी, काटक, केस तेलानं चप्प बसवलेले. पहाटे बापाबरोबर मोटेवर बैल हाकून शाळेत यायची, त्यामुळे तिच्या पायांना नेहमी ओल्या मातीचे मोजे असायचे. कमी बोलायची आणि बोलली की समोरच्याला थांबायला लागायचं. तिला अनसिंगला पाचवीत घालायचं बापानं कबूल केलं होतं. माळ्याची पोर दोन कोसांवर शाळेला जाणार, याचं गावात हसूही होत होतं. किसनराव म्हणायचा, हसू द्या, माही पोरगी खरी हाये.

चैत्रात विहीर खाली गेली. किसनरावानं येऊन हात जोडून सांगितलं, आता रोज तीनच वाफ्यांचं पाणी देता येईल. मग पोरांनी कायदा केला, रोज तीन वाफे, ठरलेल्या क्रमानं. पाळी सोडून दुसऱ्याचं पाणी जो घेईल त्यानं आठ दिवस वर्गाबाहेर बसायचं. शाळा तपासायला डिपटीसाहेब येणार होते, बाग बघणार होते, म्हणून प्रत्येकाचा जीव आपापल्या वाफ्यात. कौसल्येच्या वाफ्याला लागून वसंताचा वाफा होता. वसंता पाटलांचा धाकटा. मऊ पोर, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची वांगी सुकायला लागली होती.

त्या शुक्रवारी पहाटे मी टमरेल घेऊन नाल्याकडं निघालो होतो. काय करायचं, तेव्हा साऱ्या गावाची तीच रीत होती. पलीकडं मोट कुरकुरत होती, किसनराव बैलांना काहीतरी म्हणत होता. पऱ्हाट्याच्या कुपाला, म्हणजे कुंपणाला, वळसा घालून मी शाळेच्या बागेशी आलो आणि थांबलो. पाटील होते. धोतराचा काचा मारलेला, हातात फावडं. ज्या माणसानं स्वतःच्या वावरात कधी फावड्याला हात लावला नाही, तो वाकून कौसल्येच्या वाफ्याचं तोंड बुजवत होता. पाणी वळून वसंताच्या वाफ्यात शिरलं. आदल्या दिवशी तापलेल्या मातीचा वास उठला. तोच तो वास.

पाटलांनी मला पाहिलं. माणूस ओशाळला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. आता शपथेवर सांगायला काय जातं म्हणा. ते हळूच म्हणाले, "पोट्टं काल जेवलं नाई, मास्तर. वांगे सुकून राह्यले म्हने." आणि माझ्या हातात टमरेल, पोटात कळ, आणि त्यांच्याच घरची भाकर. मी म्हणालो, "हो, ऊन फार आहे." बस्, एवढंच. ऊन निघायचंही होतं अजून. मी पुढं निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळची शाळा. कौसल्येनं तक्रार मांडली, की वसंतानं तिच्या पाळीचं पाणी घेतलं. खोक्यावर त्या आठवड्याचा न्यायाधीश देवराव बसला होता, शिंप्याचा पोरगा, भारी काटेकोर. वसंता रडकुंडीला येऊन म्हणाला, मी झोपलो होतो. ते खरंच होतं. देवरावनं कौसल्येला विचारलं, तू पाहिलं का? ती म्हणाली, पाहिलं नाही, मी बैलामागं होती, मधात कूप होता. पण साक्षीदार आहे. आणि तिनं माझ्याकडं बोट केलं नाही, मोठ्या माणसाकडं बोट करायचं नसतं हे तिला कळत होतं. तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं.

"गुरुजी, कुपाच्या पल्याडून तुमचा आवाज आला होता, ऊन लय हाये म्हनून. तुमी कोनाले म्हनलं?"

 खिडकीतून निंबाचा मोहोर आत उडत होता. समोर वसंता, डोळे पुसत, त्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नाही. मी पाटलांचं नाव घेतलं असतं तर ते वसंताच्या तोंडून जेवायच्या आधी घरी पोचलं असतं. मला माझी ट्रंक दिसली, रस्त्यात ठेवलेली. मामाच्या घरचा कोपरा दिसला. हे सगळं एका दमात दिसलं, आणि माझं तोंड माझ्या आधीच बोललं.

"मी काल तिकडं गेलोच नव्हतो."

 कौसल्येच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. एखाद्याच्या हातून पाण्याचा भरलेला माठ पडून फुटावा आणि त्यानं नुसतं त्या पाण्याकडं बघावं, तशी ती माझ्याकडं बघत होती. देवरावनं नियम वाचून दाखवला. तो तिनंच केलेला. खोटी तक्रार, म्हणून आठ दिवस बाहेर. आणि त्या गाढवानं हिशेब केला तो आपल्या गावच्या रीतीनं, बाजार ते बाजार. या रविवारपासून त्या रविवारपर्यंत. मी लगेच म्हणालो, न्यायालय माफीही देऊ शकतं. देवराव माझ्याकडं असा पाहायला लागला की जणू मीच गाळलेली ओळ त्याला सापडली होती. तो म्हणाला, तसा आपला कायदा नाही, गुरुजी.

दुपारी जेवायला बसलो. वसंतानं सगळं जसंच्या तसं सांगितलं. कोण काय म्हणालं, गुरुजी काय म्हणाले. पाटलांचा हात ताटातच थांबला. मग त्यांनी मान वर न करता काकूंना सांगितलं, मास्तरांच्या भाकरीवर तूप टाक. काकूंनी टाकलं. चांगलं दोन पळ्या. मी ते खाल्लं. मला विचाराल तर माणसाला दमदाटीनं बांधता येतं त्याहून पक्कं अशा तुपानं बांधता येतं, कारण दमदाटीवर निदान मनातल्या मनात चिडता तरी येतं.

सोमवारी किसनराव शाळा भरायच्या आधीच येऊन उभा होता. पागोटं हातात. त्याचं म्हणणं एवढंच की काल बाजार होता, दरवर्षी कांद्याच्या पातीच्या दिवसात कौसल्या भाजी विकायला पालावर बसते, काल ती आली नाही. कुठं गेली म्हणून आपल्या धाकट्या पोराला धाडलं, तर ती शाळेच्या पायरीवर बसलेली. शाळा बंद, दाराला कुलूप, आणि ही पायरीवर. विचारलं तर म्हणते, निकाल आहे. मग तो म्हणाला, "मास्तर, एकच सांगा. पोरगी खोटं बोलली काय?"

मी म्हणालो, लेकरांचा खेळ आहे हो तो.

"खेळ असन त ठीक. पन खोटं बोलनाऱ्या पोरीले मी दोन कोसावर कायले धाडू? कोनाच्या भरवशावर धाडू?"

मी पुन्हा म्हणालो, खेळच आहे. तो गेला. एकदा खोटं बोललो होतो ते गोंधळात, असं मी स्वतःला समजावत होतो. हे दुसरं मात्र सकाळी, शांतपणे, माणसाच्या डोळ्यात बघून होतं. आणि त्यावर त्या पोरीची पाचवी टांगलेली होती, हे मला पुरतं कळत होतं.

शाळेचं दार पूर्वेला होतं. निंबाची सावली सकाळी मागल्या अंगाला पडायची, पुढची पायरी आठ वाजल्यापासून तापायची. ती पोत्याचा तुकडा टाकून बसायची, पाटी मांडीवर, तोंड दाराकडं. मी गणित सांगितलं की ती तिथून सोडवायची. ऊन पाठीवर घ्यायची, पदरासारखी ओढणी डोक्यावर घेऊन. मंगळवारी मला राहवेना. मी दारात गेलो आणि म्हणालो, कौसल्या, आत ये, पुरे झालं. ती म्हणाली, "तुमाले नाई येत बदलता, गुरुजी. तुमीच सांगतलं, न्यायाधीशाचा निकाल कोनीच नाई बदलू शकत. अपील करा लागते."

मग अपील कर, असं मी म्हणालो. म्हणून गेलो आणि लगेच जीभ चावली.

"अपिलाले नवा साक्षीदार लागते," ती म्हणाली आणि पाटीवर वाकली.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. पोरांचा खेळ, पाण्याचा एक वाफा, एक पोरगी पायरीवर बसली. मीही चौतीस वर्षं नोकरीत स्वतःला हेच सांगत आलो. पण मला सांगा, मोठ्यांच्या न्यायालयात तरी दुसरं काय असतं? तिथंही कोणीतरी कोणाची तरी भाकर खाल्लेली असते. त्या पोरांना मी तीन मंडळं शिकवली आणि तिन्ही मंडळं त्यांनी चोख चालवली. कायदा नीट होता, अंमल नीट होता, न्यायाधीश नीट होता. किडका काय तो मी निघालो, आणि माझं नाव कोणत्याच मंडळात नव्हतं.

गुरुवारी डिपटीसाहेब आले, सायकलवर, मागं शिपाई. पोरांनी घडाघडा उत्तरं दिली. नागपूरच्या एका घरात तिघं राहतात असं कोणी म्हणालं नाही. मग साहेबांचं लक्ष पायरीकडं गेलं. ती मुलगी बाहेर का? देवराव ताठ उभा राहून म्हणाला, न्यायमंडळाचा निकाल आहे, साहेब. साहेबांनी सगळी हकिकत ऐकली, कायदा कोणी केला ते ऐकलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. ते दारापर्यंत गेले, तिला विचारलं, बाळ, तुला शिक्षा मान्य आहे का? ती म्हणाली, मान्य आहे. काही विचारायचं आहे का? ती म्हणाली, "साक्षीदारच खोटं बोलला, त तिघंबी काय करतीन, साहेब?" साहेब मोठ्यानं हसले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, यांना साक्षीवरही एक पाठ द्या.

लॉगबुकात त्यांनी पाऊण पान शेरा लिहिला. पुढं त्या शेऱ्याच्या जोरावर मला वाशीमला शिक्षकांच्या मेळाव्यात बोलायला बोलावलं. मी बोललो. 'बागेतील लोकशाही' असा विषय होता. टाळ्या पडल्या, एका वृद्ध हेडमास्तरांनी मला मिठी मारली. मी जितका आत रुतत होतो तितके लोक मला वर उचलत होते. कोणाला सांगणार? आईला? तिनं पत्रात लिहून घेतलं असतं, बरं केलंस बाळा.

शनिवारी सकाळी शाळेतून परत आलो तर पाटील ओट्यावर अडकित्ता घेऊन बसलेले. समोर माझा अहवाल, सही करून, वर सुपारीचं खांड ठेवलेलं, कागद उडू नये म्हणून. मी कागद उचलला. ते सुपारी कातरत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "ते पोट्टी उन्हात बसून राह्यली म्हने."

"हो."

"किती दिवस?"

"उद्या संपतात."

ते पुन्हा सुपारी कातरायला लागले. मला वाटलं बोलतील. माझ्यापेक्षा त्यांना बोलणं सोपं होतं, त्यांची नोकरी जाणार नव्हती. पण गावच्या मोठ्या माणसालाही आपल्या मोठेपणातून बाहेर यायला दार नसतं, हे मला त्यांच्या हातातल्या अडकित्त्याकडं बघून कळलं. आम्ही दोघं तिथं बसून होतो, दोघांनाही सगळं ठाऊक, आणि दोघंही ऊन फार आहे यापलीकडं एक शब्द काढायला तयार नव्हतो.

रविवारी मी मुद्दाम शाळेच्या मागच्या अंगानं गेलो. कूप शाळेला वळसा घालून पुढच्या अंगापर्यंत होता, तिथल्या फटीतून पाहिलं. दाराला कुलूप. गावात बाजार भरलेला, माणसांचा गलका ऐकू येत होता. आणि ती पायरीवर बसलेली, एकटी. समोर कोणी बघणारं नाही, मोजणारं नाही. उठून गेली असती तर कोणाला कळलंही नसतं. तिनं एकदा पाटी पुसली, पुन्हा लिहिलं. काय लिहीत होती देव जाणे. मी पुढं होऊन तिच्याशी बोलायला हवं होतं. कितीतरी वेळ उभा राहिलो आणि आलो तसाच परत गेलो. चैत्र आला की मी आजही त्या कुपामागंच उभा असतो, गच्चीवरून खाली येऊन खोलीत बसलो तरी.

जूनमध्ये मी बदली मागून घेतली. आईला, बहिणींना तिकडं नेलंच नाही, दुसऱ्या गावी नेलं. कौसल्या पाचवीला अनसिंगला गेली की नाही, हे मला ठाऊक नाही. विचारता आलं असतं. चारदा वाशीमच्या बाजारात त्या गावची माणसं भेटली, पाऊसपाण्याची चौकशी केली, पण तेवढं एक विचारायला जीभ उचलली नाही. नागरिकशास्त्र मात्र पुढं आठ गावांत शिकवलं. फळ्यावर तीन चौकोन काढायचो, नावं लिहायचो, पाठ करून घ्यायचो. खोकं पुन्हा कधी आणलं नाही.

पण त्या सोमवारचं राहिलं. तेच सांगायला बसलो होतो, आणि बघा, तेच शेवटी ठेवलं.

सोमवारी न्यायाधीश बदलायचा. हजेरीपटाच्या क्रमानं नाव आलं कौसल्येचं. शिक्षा कालच संपलेली. ती आत आली, पोत्याचा तुकडा नेहमीच्या जागी टाकला, आणि आता कार्यकारी मंडळात गेलेल्या देवरावनं खोकं झाडून दिलं तेव्हा त्यावर जाऊन बसली. उन्हानं तिच्या मानेची कातडी सोलवटली होती. मी सकाळी उठतानाच ठरवलं होतं. कबूल करतो, सही झालेला कागद माझ्या ट्रंकेत होता, तेव्हा ठरवलं. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, मला अपील करायचं आहे.

"कोनाचं?"

"तुझं. मी त्या दिवशी तिथं होतो. मी खोटं बोललो."

 आता पुढचा प्रश्न कोणता, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिथं कोण होतं? उत्तर माझ्या ओठांवर होतं आणि मी मनातल्या मनात हात जोडत होतो की तिनं विचारू नये. वसंतानं माझ्याकडं पाहिलं. घरी तूप कोणी वाढायला सांगितलं ते त्याला आठवलं असावं, कारण त्याचा चेहरा हळूहळू उतरला आणि त्यानं मान खाली घातली. कौसल्येनंही ते पाहिलं. ती त्याच्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं.

"मी त आठ दिवस भोगून मोकळी झाली, गुरुजी," ती म्हणाली. "आता अपील कायले? तुमी बसा."

मी बसलो. तिनं देवरावला पुढची तक्रार आणायला सांगितलं.